लढाईच्या संग्रहालयात बायकोला शोधताना

बायको गेली त्याला वर्ष होत आलं, तरी मला तिचं एकच तोंड दिसायचं. नाकात नळी, गाल बसलेले, ओठ सुकून फुटलेले. ठाण्याच्या दवाखान्यात शेवटी शेवटी मी तेच तोंड समोर घेऊन बसलो होतो, त्यामुळे ते डोळ्यांत जाऊन बसलं. जेवायला बसलो की ते. गोठ्यात गेलो की ते. लोक म्हणायचे, हळूहळू विसराल. मला विसरायचं कुठं होतं? मला आठवायचं होतं, आणि आठवत नव्हतं.

फोटो म्हणाल तर पहिला फोटो थोरल्या मुलाच्या लग्नात निघाला. त्यातही ती पदर नाकापर्यंत ओढून उभी आहे. त्याच्या आधीचा एकही नाही. ती परकरात होती तेव्हापासून मी तिला ओळखायचो. तिचं माहेर धसईकडचं, मुरबाड तालुक्यातलं. पण तिचा मामा आमच्या गावात, आमच्या घराला लागून. उन्हाळ्यात ती मामाकडे यायची. ती काय बोलली, कुणाशी भांडली, सगळं मला आठवायचं. पण त्या बोलणाऱ्या पोरीला तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी ते दवाखान्यातलं तोंड यायचं. दहा-बारा वर्षांची पोर झाडावरून उडी मारतेय आणि नाकात नळी. असं झालं की मी उठून बाहेर जायचो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेक घाटावर राहते, ती चार दिवस आली तेव्हा तिने मला असाच उठून जाताना बघितलं आणि मागे लागली. मग सांगितलं.  ती म्हणाली, तिच्या गावाजवळ एक लढाईच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्या काळातल्या वस्तू ठेवल्यात. तुमी दोघं आमाला लढाईच्या वेळच्या गोष्टी सांगायचात ना, बाबा? ते सगळं बघितलंत तर आईपण आठवेल.

मी म्हटलं, तुझी आई काय तोफ होती?

पण गेलो. तिच्या नवऱ्याने गाडीने नेऊन सोडलं आणि तो कामाला गेला. आत आम्ही दोघंच.

आधीच सांगतो, मी चौथीपर्यंत शिकलो. लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध, ती कुणाची कुणाशी होती हे मला पुढे पोरांच्या पुस्तकातून कळलं. आमचं गाव आटगाव आणि कसाऱ्याच्या मध्ये, रेल्वेच्या वरच्या अंगाला. लढाई आम्हाला दिसली ती त्या रुळांवर. सैनिकांच्या गाड्या यायच्या. कसाऱ्याला गाडी थांबायची, घाट चढायला मागून आणखी इंजिनं लावायचे. विजेची इंजिनं. डोक्यावर तारांत वीज पळत होती आणि आमच्या घरात करंजाच्या तेलाचा दिवा, कारण रॉकेल मिळायचं बंद झालं होतं. कापडही मिळेना. बापाच्या एका धोतराची दोन झाली. आम्ही पोरं पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन कसाऱ्यापर्यंत चालत जायचो. सैनिक खिडकीतून हात काढायचे. कुणी पैसा द्यायचा, कुणी बिस्कुट. ते बिस्कुट दगडासारखं. बापाने एकदा पाण्यात भिजवून बैलापुढे ठेवलं. बैलाने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

संग्रहालयात रणगाडा होता. मोठा होता. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि पुढे गेलो. मग तोफा, बंदुका, काचेत लावलेली पदकं. भिंतीवर फोटो, सगळे बाप्ये. एका कपाटात सैनिकाचा पत्र्याचा मग होता, दांडीचा, कड फुटलेला. तो बघून कसाऱ्याचं स्टेशन आठवलं, बैल आठवला. माझं मला हसू आलं. लेक लगेच जवळ आली, म्हणाली, आठवली?

"बैल आठवला," मी म्हटलं.

तिने तोंड पाडलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू. प्रत्येक कपाटापुढे ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. पाण्याची बाटली. नाही. जाळीचं शिरस्त्राण. नाही. दुसऱ्या खोलीत गेलो तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते आणि मनातही तेच चाललं होतं, की ही कसली अक्कल. बायको गेली ती गेली, तिला लोखंडात शोधायला आलोय.

तिथे राखण करणारा एक माणूस होता. पन्नाशीचा, ताठ, पूर्वी फौजेत असणार. मी प्रत्येक कपाटाच्या काचेला नाक लावतोय हे तो बघत होता. जवळ येऊन त्याने विचारलं, "बाबा, कुणाला शोधताय का? घरातलं कुणी होतं लढाईत?"

"बायको," मी म्हटलं.

त्याने लेकीकडे बघितलं. लेक काही सांगायला जाणार, तोवर मीच म्हटलं, "ती लढाईत नव्हती. लढाई होती तेव्हा ती होती."

दुसरा कुणी असता तर हसला असता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, मग सावकाश बघा. त्या कोपऱ्यात जंगलातल्या लढाईचं आहे, ते लोक बघतच नाहीत, अंधार आहे म्हणून. आणि त्याने जाऊन तिथला दिवा लावला.

कोपऱ्यात बांबू उभे केले होते, खोटी पानं लावली होती, आणि त्यात एक मातीचा सैनिक गुडघ्यावर बसवला होता. रात्री शत्रूला दिसू नये म्हणून हे लोक तोंडाला काळं लावायचे, तसं त्याचं तोंड काळं केलं होतं. सगळं काळं. मधून डोळे पांढरे, आणि ओठ जरा उघडे, त्यात दात.

मी बघितलं आणि माझ्या तोंडातून शब्द गेला, "अगो, ही बघ."

लेक म्हणाली, "कोण?"

मला बसायला पाहिजे होतं. राखणदाराने स्टूल आणून दिलं. मी बसलो, आणि तो सगळा दिवस माझ्यासमोर आला. धुराच्या वासासकट.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, वरून माती, आणि पेटवून द्यायचं. भाजलेल्या मातीत रोप जोमाने येतं आणि तण येत नाही. राब नेहमी दिवस मावळताना पेटवायचा, वारा पडला की. दुपारी पेटवला तर वाऱ्याने रान पेटतं. बाप्ये जाळ सांभाळतात आणि पोरं हिरव्या डहाळ्या घेऊन कडेने उभी राहतात. जाळ बाहेर सरकला की झोडपायचा. एकाच्या राबाला शेजारचे सगळे येतात. आपल्या राबाला ते आले, मग त्यांच्या राबाला आपण.

त्या उन्हाळ्यात गावात दवंडी झाली, रेल्वेच्या बाजूला अंधार पडल्यावर जाळ दिसता कामा नये. विमानं येतील. कुणाची विमानं, कुठून, कुणाला ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांनी दिव्याला कागद गुंडाळले. राबाचं काय करायचं यावर पारावर दोन दिवस भांडण. राब भाजला नाही तर रोप कसलं? शेवटी माझ्या बापाने ठरवलं, पहाटे वारा नसतो, पहाटे पेटवू, दिवस मावळायच्या आत विझून जाईल. आमचा राब रुळांना सगळ्यात जवळ होता.

पहाटे पेटवला. पण बापाने त्या वर्षी हौसेने फांद्या जास्त घातल्या होत्या. दिवसभर तो धुमसत राहिला. ऊन उतरलं तरी वरच्या अंगाला हातभर जाळ होताच. ती मामाच्या घरच्यांबरोबर सकाळपासून डहाळी घेऊन उभी होती. माझ्या बाजूलाच. दिवसभर तिची बडबड चालू. धसईला आमचे राब कसे मोठे असतात, आणि तुमच्याकडे पोरं डहाळी धरतात ती कशी मेल्यासारखी धरतात.

दिवस मावळायला तासभर होता तेव्हा डोंगरामागून विमानाचा आवाज आला.

ते खरंच विमान होतं, पण आपलंच कुठलं तरी, मुंबईकडचं. आम्हाला काय कळतंय. बायका ओरडायला लागल्या. बाप म्हणाला, झाका, जाळ झाका. आणि मग सगळ्यांनी मिळून जे केलं ते आजही सांगायला हसू येतं. हिरवा पाला तोडून आणला आणि राबावर टाकला. घराघरातून पाण्याचे हंडे आणून ओतले. उन्हाळ्यात, जेव्हा एक हंडा पाण्याला बायका अर्धा कोस चालत होत्या, तेव्हा गावातलं होतं नव्हतं ते पाणी राबावर गेलं.

जाळ झाकला. धूर सुटला. असा धूर मी पुन्हा बघितला नाही. पांढरा, जाड, जमिनीला धरून चालणारा. वारा खालच्या अंगाला होता. धूर उतरला आणि सरळ रुळांवर जाऊन बसला. त्याच वेळी आटगावकडून सैनिकांची गाडी आली. धुरात तिला काही दिसेना. शिट्ट्या मारत मारत थांबली.

सैनिक खाली उतरले. एक गोरा साहेब पुढे, लाल तोंडाचा, ओरडत. त्याच्या मागे बंदूकवाले. गावातले अर्धे लोक पळून गेले. बाप पळाला नाही. मी त्याच्या धोतराला धरून. धूर जरा बाजूला झाला आणि साहेबाने समोर बघितलं तर आम्ही पोरं. नखशिखांत काळी. काजळी, राख आणि घाम.

साहेबाबरोबर एक सैनिक होता तो आपल्यातला निघाला, खाली महाडकडचा. साहेब त्याला विचारायला सांगत होता, आग कुणी लावली. त्याने जमिनीकडे बघितलं, वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "राब भाजताय होय?" आणि बापाला हळूच विचारलं, "काका, ओला पाला घातलात? मग दुसरं काय होणार?"

 तेव्हा ती पुढे झाली. हातात करपलेली डहाळी, काळं तोंड, मधून डोळे तेवढे पांढरे. सैनिकाला म्हणाली, "राब यांचा हाय. आमचा नाय. मी पावणी."

तो सैनिक एवढा हसला की त्याने गुडघ्यावर हात ठेवले. साहेबाने विचारलं, काय म्हणते? त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. साहेबही हसला असेल नसेल, पण ओरडायचा थांबला. मग त्या सैनिकानेच सांगितलं, वरचा पाला ओढून काढा, जाळ होऊ द्या, लवकर खाक होईल आणि धूर जाईल. आणखी तीन-चार सैनिकांनी हात लावला. पाला काढला तसा राब भडकला. सगळं शेत, रूळ, गाडीचे डबे, सैनिकांचे चेहरे लालभडक. जो जाळ विमानाला दिसू नये म्हणून गावाने प्यायचं पाणी ओतलं, तो आता कसाऱ्यापर्यंत दिसत असेल. विमान केव्हाच निघून गेलं होतं.

धूर हटल्यावर गाडी गेली. तो सैनिक दारात उभा राहून जाईपर्यंत शेताकडे बघत होता. तो परत घरी आला की नाही, देवाला माहीत. दुसऱ्या दिवशी शहापूरच्या कचेरीतून माणूस आला आणि बापाला चावडीवर बसवून झापून गेला. पुढे काही वर्षांनी तिच्या मामाने माझ्यासाठी शब्द टाकला तेव्हा बाप फक्त एवढंच म्हणाला, "ती पावणी? आणा की." तेवढ्यावर लग्न ठरलं.

हे सगळं मी त्या स्टुलावर बसून लेकीला सांगितलं. तिने यातलं बरंच आईच्या तोंडून ऐकलेलं होतं, पण आईच्या सांगण्यात आईनेच साहेबाला पळवून लावलेलं असायचं. लेक हसत होती. मग तिने विचारलं, "मग आता दिसली ना तुमाला?"

मी परत त्या मातीच्या सैनिकाकडे बघितलं. दिसलं होतं ते काळं तोंड. डोळे आणि दात. त्याचं आणि तिचं सारखंच. काजळीच्या आत कोण होतं ते मला अजून दिसत नव्हतं. एवढ्या लांब येऊन तिने तोंड दाखवलं तेही झाकलेलं.

तसं मी लेकीला म्हटलं. म्हटलं, आली, पण तोंड धुतलेलं नाय.

"मग धुतलं असेल ना तिने नंतर," लेक म्हणाली. "की तशीच झोपली?"

तशीच कशी झोपेल? आणि तेव्हा मला पुढचं आठवलं. तिने ते कधी सांगितलं नव्हतं, त्यात काही मजा नव्हती म्हणून. मीही कधी सांगितलं नव्हतं.

गाडी गेली आणि सगळे घरी आले तर घराघरात हंडे रिकामे. तिच्या मामीने तिला बघितलं आणि माझ्यावर घसरली. "तुझ्या बापाच्या राबानं माझी भाची काळी केली. आता तूच घेऊन जा नि धुवून आण. उद्या हिचा बाप येयाचा हाय." मी कळशी घेतली आणि दोघं ओहळावर गेलो. ओहळ आटलेला. वाळूत खड्डा करायचा आणि पाणी झिरपायची वाट बघायची. नारळाच्या करवंटीने घ्यायचं. एक करवंटी भरायला बराच वेळ लागतो, घाई केली तर गढूळ येतं. अजून उजेड होता. ती वाळूत बसली, तोंड पुढे करून, आणि मी करवंटीने पाणी घालायला लागलो.

पहिल्या करवंटीत कपाळ निघालं. त्यावर गोंदण होतं, ताजं, हिरवंगार. पुढे म्हातारपणी ते पसरून निळसर झालं होतं, तेव्हा टोकं नीट होती. मग थांबलो, पाणी साचायची वाट बघत. ती म्हणाली, काय बघतोस, घाल. दुसऱ्या करवंटीत भुवया. त्या मधे जवळजवळ चिकटलेल्या. आणि पापण्यांचे केस पुढून करपलेले, बारीक, जाळाने. ती डोळे मिटून होती. मग नाक. नाकाच्या शेंड्याला राख राहिली ती मी बोटाने पुसली, आणि ती डोळे न उघडता म्हणाली, "बोट नको लावू. पाणी घाल." मग गाल. गालावर खरचटलं होतं, पाणी लागल्यावर तिने तोंड वाकडं केलं पण आवाज केला नाही. शेवटी हनुवटी. हनुवटी टोकदार होती, आणि खालच्या ओठाच्या खाली एक खळगी, बोट मावेल एवढी.

मी लेकीला हे असंच सांगितलं, एकेक करवंटी. सांगता सांगता माझ्यासमोर ते तोंड तसंच उघडत होतं, कपाळापासून खाली. नळी नव्हती. ओठ फुटलेले नव्हते. ओले होते.

लेकीने विचारलं, माझ्यासारखी होती का?

"नाय," मी म्हटलं. "तू माझ्यावर गेलीस. तिने कपाळ दिलं असेल थोडं, बाकी काय नाय."

ती हसली आणि रडलीही. तोंड पदराला पुसून म्हणाली, बाबा, तुमाला बरं बोलता कधी आलंच नाय. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. आणि म्हटल्यावर कळलं, विचारायला ती नव्हती.

राखणदार एकदा येऊन बघून गेला.  बाहेर शाळेची पोरं आली होती, रणगाड्यावर हात मारत होती, त्यांना बघायला तो गेला.

त्यालाही आता दोन उन्हाळे झाले. दवाखान्यातलं तोंड अजून येतं. गोठ्यात येतं, जेवताना येतं. आलं की मी उठून जात नाही. बसून राहतो आणि एकेक करवंटी घालतो. कपाळ, भुवया, करपलेल्या पापण्या. कधी ती लगेच निघते, कधी हनुवटीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पाणी साचू द्यावं लागतं.